आरोग्य प्रश्नोत्तरे : पहाटे तीनची जाग

प्रश्न : माझे वय ४७ असून मी भांडुपला राहते आणि फोर्टमधील एका कार्यालयात नोकरी करते. वर्षभरापासून पाळी अनियमित झाली आहे. रात्री अकराला पडल्या पडल्या झोप लागते. मात्र अडीच-तीनच्या सुमारास छातीतून डोक्यापर्यंत गरम लाट चढल्यासारखे होऊन जाग येते, गळा आणि पाठ घामाने निथळत असते आणि थोड्याच वेळात थंडी वाजू लागते. पुन्हा डोळा लागतो न लागतो तोच डब्यांसाठी पावणेपाचचा गजर होतो. दिवसभर चिडचिड होते, संध्याकाळी गोड आणि तळलेले खावेसे वाटते, वजनही वाढले आहे. जाऊबाई म्हणतात की हॉर्मोनच्या सगळ्या तपासण्या करून घे. केमिस्टने मेलाटोनिनच्या गोळ्या सुचवल्या. हॉर्मोन्समुळे झोप जाते आहे, की झोप नसल्यामुळे हॉर्मोन्स बिघडली आहेत?

उत्तर : तुमच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडत आहेत, मात्र सुरुवात बहुधा हॉर्मोन्सकडून झाली आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र असते. रजोनिवृत्तीच्या आधीच्या काळात इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन वरखाली होत कमी होऊ लागले की या केंद्राची सहनशीलता घटते आणि तापमानातील अगदी किरकोळ वाढही त्याला जास्त वाटते. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या एकदम रुंदावतात, चेहरा आणि मान तापते, दरदरून घाम सुटतो, आणि अशा रीतीने शरीर गरजेपेक्षा अधिक निवल्यामुळे पाठोपाठ हुडहुडी भरते. त्यातच काही महिन्यांत बीजविमोचन होत नसल्याने, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडत नसल्याने, प्रोजेस्टेरॉन हे दुसरे स्त्री-हॉर्मोनही कमी पडते. त्यापासून शरीरात तयार होणारा एक घटक मेंदूला शांत करणारा असतो. तो आधार सुटला की मोडलेली झोप पुन्हा लागणे कठीण होते. शिवाय कॉर्टिसॉल हे शरीराला जागे आणि सावध ठेवणारे हॉर्मोन मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, पहाटेकडे ते वाढू लागते आणि जागे झाल्यावर थोड्याच वेळात शिखर गाठते. गाढ झोपेचा बराचसा वाटा तोवर उरकलेला असतो. म्हणूनच बाराला आलेली जाग सहज विरते आणि तीनची जाग लांबते.

आता उलट्या दिशेचा परिणाम पाहू. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये निरोगी तरुण पुरुषांना दोन रात्री केवळ ४ तास झोपू दिले. दोन रात्री १० तास झोपायला मिळाले असतानाच्या तुलनेत, पोट भरल्याचा संदेश देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि भूक चाळवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी अधिक आढळले; गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची ओढही वाढली. हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, परंतु संध्याकाळच्या तुमच्या खाण्याच्या इच्छेचे मूळ त्यात दिसते. तो तुमच्या मनाचा दुबळेपणा आहे असे कोणी म्हणत असेल तर ते ऐकू नका.

तपासण्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. पंचेचाळिशीनंतर पाळी अनियमित झाली असेल आणि अशा लाटा येत असतील, तर निदान लक्षणांवरूनच होते. एफएसएच (अंडाशयाला चालना देणारे हॉर्मोन) आणि इस्ट्रोजेन या काळात इतके हेलकावे खातात की एका दिवसाच्या अहवालाने फारसा उलगडा होत नाही. थायरॉईडची टीएसएच चाचणी मात्र करावी, कारण थायरॉईडचा स्राव वाढला तरी घाम, धडधड आणि निद्रानाश होतो. हिमोग्लोबिन आणि रक्तातील साखरही पाहून घ्यावी. तुम्ही मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडखळतो का, हे यजमानांना विचारा. या वयात स्त्रियांमध्ये झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराचे, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाचे प्रमाण वाढते आणि ते अनेकदा नजरेआड होते.

मेलाटोनिन हे अंधार पडल्याचा निरोप शरीराला देणारे संप्रेरक आहे. ज्यांचे झोपेचे वेळापत्रक सरकले आहे त्यांना त्याचा उपयोग होऊ शकतो. तुम्हाला अकराला झोप लागतेच आहे. तीनची गरम लाट त्या गोळीने थांबणार नाही.

मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे पंख्याचा झोत थेट अंगावर येईल असे झोपावे, सुती कपडे वापरावेत आणि पांघरूण वेगळे घ्यावे. लोकलमधून उतरून सातला चहा घेत असाल तर तो सोडावा, कारण साधारण पाच तासांनंतरही निम्मे कॅफिन शरीरात असते. एवढ्याने भागले नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. लाटांवर हॉर्मोन उपचार सर्वांत परिणामकारक आहेत, परंतु स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या स्त्रियांना सहसा ते देत नाहीत. निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धतीही गुणकारी आहे. आणि एक गोष्ट आग्रहाने सांगतो : अकरा ते पावणेपाच ही झोप अखंड लागली तरी सहा तासांची होत नाही. सकाळचे डबे घरातल्या सर्वांचे असतील, तर ते भरण्याचे कामही वाटून घेतले गेले पाहिजे.

प्रश्न : मी २९ वर्षांचा असून मालाडला रात्रपाळी करतो. दिवसा जेमतेम पाच तास झोप मिळते. सतत थकवा असतो. जिममधील मित्र टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनचे इंजेक्शन घ्यायला सांगतो. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. टेस्टोस्टेरॉन मुख्यतः झोपेतच वाढते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज ५ तासच झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटले. बाहेरून हे हॉर्मोन घेतल्यास शरीर स्वतःचे उत्पादन आवरते आणि शुक्राणूंची संख्या घसरते. आधी झोप वाढवा : घरी परतताना गडद चष्मा लावा, खोलीला जाड पडदे लावा आणि सुट्टीच्या दिवशीही झोपण्याची वेळ फार बदलू नका. थकवा तरीही टिकला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी करावी. ती पुरेशी झोप झालेल्या दिवशी, उठल्यावर लवकर करावी आणि आपण रात्रपाळी करतो हे डॉक्टरांना आधीच सांगावे.