हार्ट फेल्युअर क्लिनिक काढायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: मुलुंडला आमचं छोटं नर्सिंग होम आहे. हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय नीट पंप करत नसलेले पेशंट येतात, लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) देऊन सूज उतरवतो, घरी पाठवतो आणि महिनाभरात तेच पेशंट दम लागून परत. त्यांच्यासाठी टीमवालं वेगळं क्लिनिक काढायचंय. नवीन इको मशीन (हृदयाच्या सोनोग्राफीचं) घेऊ का, आणि माणसं कोण कोण लागतील?
– एक फिजिशियन

उत्तर: डॉक्टर, मशीन राहू द्या, इको बाहेरून करून आणता येतो. आधी एक चांगली सिस्टर बघा जिच्याकडे फक्त हेच काम असेल, कारण पेशंट बिघडतो तो घरी गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आणि नेमकं तेव्हाच त्याला विचारणारं कोणी नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. सिस्टरने दोन-तीन दिवसांतच फोन करायचा, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर चहाच्या आधी वजन करताय ना, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच बोलवायचं, पाय सुजायची वाट बघायची नाही.

मग डोस. ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) कमी असलेल्यांना हार्ट फेल्युअरच्या चारही मुख्य गटांची औषधं सुरू होतात, पण पुढे डोस कोणी वाढवतच नाही. 2022 च्या स्ट्राँग-एचएफ ट्रायलमध्ये डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत डोस पूर्ण नेला आणि 1, 2, 3, 6 आठवड्यांनी बीपी, पल्स, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), पोटॅशियम बघत राहिले, तर 180 दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा ॲडमिट होणं 15.2 टक्के, नेहमीच्या पद्धतीत 23.3. हे तुमच्याकडेही जमेल!

डाएटिशियन अर्धवेळ चालेल, पण आपल्याकडचं खाणं माहीत असलेली हवी. पापड-लोणचं बंद सगळेच सांगतात, सुकट, खारे बोंबील, फरसाण कोण विचारतं? आणि लो सोडियम मीठ, त्यात बऱ्याचदा पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोन (हेही पोटॅशियम वाढवतं) चालू असेल तर धोकाच. फार्मासिस्टने गोळ्यांची पिशवीच उघडून बघायची, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, अंगात पाणी धरून ठेवणारी पेनकिलर, त्यातच सापडते. फिजिओ आठवड्यातून एकदा पुरे.

टिटवाळ्याच्या पेशंटला सकाळी नऊची वेळ देऊ नका, लोकलच्या त्या गर्दीत तो चढणार कसा, दुपारची द्या. आणि तीन महिने पूर्ण औषधं घेऊनही ईएफ 35 च्या वर येत नसेल तर डिव्हाइससाठी (पेसमेकरसारखं छातीत बसवायचं यंत्र) कार्डिओलॉजिस्टकडे पाठवायचं, ते आधीच कोणाशी तरी बोलून ठरवून ठेवा.