संप्रेरक आटले, तरी आजार का वाढतो?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. सोलापुरात जॅकार्डच्या चादरी विणण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला असून तो हाडांपर्यंत पोहोचला आहे. पुरुषी संप्रेरक (हार्मोन) बंद करणाऱ्या, दर तीन महिन्यांच्या इंजेक्शनाने पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते, रक्तात मोजले जाणारे प्रथिन) चांगला उतरला होता, पण आता तो प्रत्येक तपासणीत चढताच दिसतो. पुरुषी संप्रेरक बंद केले असताना आजार कशाच्या जोरावर वाढतो? लघवीतून आरएनएची तपासणी करून घ्या, असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे. ती करावी का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : ती तपासणी आपल्या वडिलांसाठी नाही, हे आधी सांगतो, म्हणजे तो खर्च तरी वाचेल. आपला पहिला प्रश्न मात्र या आजाराच्या मुळाशी जाणारा आहे.

टेस्टोस्टेरॉन स्वतः पेशीला वाढवत नाही. प्रोस्टेटच्या पेशीत त्याचे अधिक प्रभावी रूप तयार होते, ते अँड्रोजन ग्राही (पुरुषी संप्रेरकाचा रिसेप्टर) नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि मग तो ग्राही केंद्रकात शिरून ठरावीक जनुके चालू करतो. पीएसए बनवणारे जनुक त्यांपैकीच एक आहे. म्हणून इंजेक्शन चालू असूनही पीएसए वाढतो, तेव्हा बहुतेक वेळा हा ग्राही पुन्हा कामाला लागला आहे, असा त्याचा अर्थ होतो. संप्रेरक काढून घेतल्यास हा कर्करोग मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. परंतु उपासमार झालेली पेशी कालांतराने पळवाटा शोधते, हेही पुढे स्पष्ट झाले. ती ग्राहीच्या जनुकाच्या अनेक प्रती करते, त्यामुळे उरलेसुरले संप्रेरकही तिला पुरते. कधी ग्राहीत असा बदल होतो की दुसरीच स्टेरॉइडे त्याला चालवू शकतात. कधी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून येणाऱ्या कच्च्या मालापासून गाठ स्वतःच संप्रेरक बनवते. ग्राहीचा एआर-व्ही७ हा तोकडा प्रकार तर सर्वांत चिवट, कारण संप्रेरक जिथे चिकटते तो भागच त्यात नसतो आणि तरीही तो चालूच राहतो.

आता आरएनएविषयी, म्हणजे पेशीत डीएनएवरून उतरवल्या जाणाऱ्या नकलेविषयी. माणसाच्या डीएनएचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग प्रथिनांचा मजकूर सांगतो. उरलेल्या भागातूनही पुष्कळ आरएनए तयार होतात, पण त्यांचे प्रथिन कधीच बनत नाही. आपल्या वडिलांना हे सहज उमगेल : जॅकार्डवरच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांपैकी एकही चादरीत विणला जात नाही, तरी ताण्याचा कोणता धागा कधी उचलायचा हे तेच ठरवतात. हॉटएअर नावाचा असाच एक लांब आरएनए या ग्राहीला चिकटतो आणि त्याची मोडतोड होऊ देत नाही. प्रयोगशाळेतील पेशींत असे दिसले, की संप्रेरक भरपूर असताना हा आरएनए दबलेला असतो आणि संप्रेरक काढून घेतले की वाढतो. म्हणजे उपचाराच्या दबावातूनच ग्राहीला नवा राखणदार मिळतो. मला हा या संशोधनातील सर्वांत विचार करायला लावणारा भाग वाटतो. याउलट काही मायक्रोआरएनए, म्हणजे अगदी आखूड आरएनए, ग्राहीचे प्रमाण आटोक्यात ठेवतात आणि कर्करोगात तेच घटलेले आढळतात. मायक्रोआरएनएच्या शोधाला २०२४ चे नोबेल मिळाले. मात्र या आरएनएंवर नेम धरणारे औषध प्रोस्टेटच्या नित्य उपचारांत अजून आलेले नाही.

नातेवाइकांनी सुचवलेली तपासणी बहुधा पीसीए३ या आरएनएची असावी. तिला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली, ती एका मर्यादित कामासाठी : पहिल्या बायोप्सीत कर्करोग न सापडलेल्या पुरुषाची बायोप्सी पुन्हा करावी की नाही, हे ठरवताना मदत व्हावी म्हणून. निदान पक्के झालेल्या रुग्णाचा उपचार तिच्यावरून ठरत नाही.

त्याऐवजी रक्तातील टेस्टोस्टेरॉन मोजून घ्या. ते डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली असूनही पीएसए वाढत असेल, तरच आजार संप्रेरकरोधाला जुमानत नाही असे म्हणता येते. एखादे इंजेक्शन लांबले असेल तर चित्र वेगळे असू शकते. इंजेक्शन मनाने बंद करू नका, कारण पुढचे औषध त्याच्या जोडीनेच द्यायचे असते. अ‍ॅबिराटेरोन गाठीतली संप्रेरकनिर्मिती रोखते, तर एन्झाल्युटामाइड ग्राहीलाच अडवते. अ‍ॅबिराटेरोन उपाशीपोटी घ्यायचे असते, सोबतचे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड अचानक थांबवायचे नसते, आणि रक्तदाब, पोटॅशियम व यकृताच्या तपासण्या चुकवायच्या नसतात. दुसरे मत हवे असल्यास आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. आजार हाडांत असल्याने पाठदुखीबरोबर पायांतली शक्ती कमी झाली किंवा लघवी अडली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

वडिलांची बीआरसीए या, डीएनएची दुरुस्ती सांभाळणाऱ्या जनुकांची तपासणीही डॉक्टरांना विचारून करून घ्या. दोष आढळल्यास ओलापॅरिबसारखे औषध त्यांना लागू पडू शकते, आणि तो दोष जन्मजात निघाला तर आपण व आपली भावंडे, विशेषतः बहिणी, यांनीही ती तपासणी करून घेणे आवश्यक ठरेल.