अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सरकारलाही लागू नाही का? मग काटकसर करणारी सरकारं का पडतात?

तुमचा पहिला प्रश्न आहे, कर्ज वाढलं की घर खर्च कमी करतं, मग सरकारने तेच केलं तर चुकलं कुठे? आणि दुसरा, अशी सरकारं लोकांच्या रागाला बळी का पडतात? मी बरीच वर्षं पदवीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. अंथरुणाची म्हण दरवर्षी कुणीतरी काढतंच, त्यामुळे तिथूनच सुरू करते.

मी घरचा किराणा कमी केला म्हणून माझा पगार कमी होत नाही. देशाचं तसं नसतं. सरकारचा खर्च म्हणजे कुणाचा तरी पगार, कुणाची पेन्शन, कुणाचं थकलेलं बिल. तो कापला की ही माणसं दुकानात कमी जातात, दुकानदार एक नोकर कमी करतो, आणि या सगळ्यांकडून येणारा करही आटतो. इथे पाय आखडले की अंथरूणही आखडतं.

ग्रीसमध्ये हे फार क्रूरपणे दिसलं. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये नवं सरकार आलं आणि तूट आधी सांगितली होती त्याहून कितीतरी मोठी असल्याचं उघड झालं. २०१० च्या मे महिन्यात युरोपीय देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी ११० अब्ज युरोंचं कर्ज मंजूर केलं. अट होती पगार आणि पेन्शन कापण्याची, कर वाढवण्याची. यातला एकच कर सांगते. घरं गरम ठेवण्यासाठी जे डिझेल जाळतात त्यावर कर कमी होता. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये तो गाडीच्या डिझेलइतका केला. कागदावर हिशेब चोख होता, महसूल वाढेल आणि घरगुती डिझेल गाड्यांसाठी विकण्याची चोरीही थांबेल. प्रत्यक्षात लोकांनी इमारतीच्या बॉयलरची टाकी भरणंच सोडलं. डिझेलचा खप निम्म्याहून जास्त घसरला. लोक लाकडं जाळू लागले, काही ठिकाणी जुनं फर्निचर, रंग लावलेल्या फळ्यासुद्धा. त्या हिवाळ्यात अथेन्स आणि थेसालोनिकीवर रात्री धुराचा थर साचायचा. अपेक्षेइतका महसूल आलाच नाही, आणि २०१४ मध्ये सरकारला तो कर कमी करावा लागला. खर्च कुठे नाहीसा झाला नव्हता. सरकारी वहीतून निघून तो लोकांच्या छातीत जाऊन बसला होता.

आता हेच आकड्यांत पाहू. समजा देशाचं उत्पन्न १०० आणि कर्ज १३०. सरकारने ५ चा खर्च कापला. त्यामुळे उत्पन्न अडीचने घटलं आणि कर उत्पन्नाच्या ४० टक्के धरला, तर १ चा कर बुडतो, हातात ४ उरतात, कर्ज १२६ वर येतं आणि उत्पन्न साडेसत्त्याण्णव. उत्पन्नाच्या तुलनेत कर्जाचं प्रमाण १३० वरून साधारण १२९ टक्के. म्हणजे एवढं करून जेमतेम एक टक्का. पण उत्पन्न अडीचऐवजी साडेसातने घटलं तर? मग ३ चा कर बुडतो, कर्ज १२८, उत्पन्न साडेब्याण्णव, आणि प्रमाण १३८ टक्क्यांवर. कर्ज फेडायला निघालेला देश आणखी बुडालेला असतो.

सगळा वाद या एका आकड्यावर, म्हणजे गुणकावर आहे: सरकारने १ चा खर्च कापला की देशाचं उत्पन्न किती घटतं? (वरच्या उदाहरणांत आधी ०.५, मग १.५.) नाणेनिधीच्या अंदाजांत तो साधारण ०.५ धरला जात होता. त्यांचेच मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार आणि सहकारी डॅनियल ली यांनी २०१३ च्या सुरुवातीला लिहिलं की संकटाच्या सुरुवातीच्या वर्षांत तो बहुधा एकाहून बराच वर होता. तोवर ग्रीसमध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांच्या घरात पोचली होती आणि अर्थव्यवस्था जवळजवळ पाव भागाने आक्रसली होती. २०१२ मध्ये खासगी धनकोंनी १०० अब्ज युरोंच्या वर कर्ज सोडूनही कर्जाचं प्रमाण २००९ च्या सुमारे १२७ टक्क्यांवरून २०१४ पर्यंत १८० च्या आसपास गेलं. अंदाज चुकू शकतो, मान्य. पण चुकीची किंमत अंदाज बांधणाऱ्यांनी मोजली नाही, आणि याची मला आजही चीड येते.

काटकसर कुठेच जमत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. कॅनडाने १९९५ च्या अर्थसंकल्पात मोठी कपात केली, दोन-तीन वर्षांत तूट संपली आणि तोच पक्ष १९९७ मध्ये पुन्हा निवडून आला. पण त्यांचं चलन स्वतःचं होतं, व्याजदर उतरत होते आणि शेजारच्या अमेरिकेत तेजी असल्याने निर्यात उचल खात होती. सरकारने मागे घेतलेली मागणी दुसरं कुणीतरी भरून काढत होतं. ग्रीसकडे यातलं काहीच नव्हतं. लाटव्हियाचं उदाहरणही लोक देतात. तिथे कपातीनंतर वाढ परतली हे खरं, पण २००० च्या जनगणनेतली सुमारे २३.८ लाख लोकसंख्या २०११ मध्ये २०.७ लाखांवर आली होती. त्या घटीत देश सोडून गेलेल्यांचा वाटा मोठा होता.

आता राजकारण. हिटलर महागाईमुळे आला असं सर्रास ऐकायला मिळतं. जर्मनीतली ती भयानक महागाई १९२३ ची. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना अडीच टक्क्यांच्या आसपासच मतं होती. १९३० मध्ये हाइनरिश ब्रुनिंग चान्सलर झाले आणि ऐन मंदीत, संसदेला वळसा घालून, राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांनी पगार आणि बेकारी भत्ते कापत गेले, कर वाढवत गेले. पहिल्या महायुद्धाची भरपाई देणं जर्मनीला झेपत नाही हे जगाला पटवणं हाही त्यांचा हेतू होता. १९३२ च्या सुरुवातीला बेरोजगार ६० लाखांवर गेले. ज्या भागांत कपातीचा आणि करवाढीचा मार जास्त बसला तिथे नाझींची मतं जास्त वाढली, असं अर्थ-इतिहासकारांनी जिल्हावार आकडे तपासून दाखवलंय. बेरोजगारांपैकी बरेच कम्युनिस्टांकडे वळले होते. नाझींकडे वळणाऱ्यांत आपणही खाली घसरू या धास्तीने जगणारे पुष्कळ होते. ब्रुनिंग मे १९३२ अखेर गेले. जुलैमध्ये लोझानच्या परिषदेत युद्धभरपाई जवळपास संपली, म्हणजे त्यांना हवं होतं ते मिळालं. त्याच महिन्याच्या शेवटी नाझींना ३७ टक्के मतं पडली.

माझ्या मते लोकांचा संयम सुटतो तो त्रासापेक्षाही एका गोष्टीने: कुणालाही मत दिलं तरी कपात तीच. ग्रीसमध्ये ज्या पासोक पक्षाला २००९ मध्ये ४४ टक्के मतं होती तो जानेवारी २०१५ मध्ये पाच टक्क्यांच्याही खाली गेला. कपातीला विरोध करणारा, साडेचार टक्क्यांचा डावा पक्ष सिरिझा ३६ टक्क्यांवर पोचला, तर मधल्या काळात, २०१२ मध्ये, गोल्डन डॉन हा नवनाझी पक्ष २१ जागा घेऊन संसदेत शिरला. ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी धनकोंच्या अटी नाकारल्या. आठवडाभरात त्याच सिरिझा सरकारने तशाच कडक अटी मान्य केल्या. त्या मतदाराला आता मतदानाचं महत्त्व कुठल्या तोंडाने सांगायचं?

ब्रिटनमध्ये राग दुसऱ्याच दारातून बाहेर आला. २०१० नंतर स्थानिक परिषदांना केंद्राकडून मिळणारा निधी सात-आठ वर्षांत जवळपास निम्मा झाला. वाचनालयं, तरुणांची केंद्रं, वृद्धांची देखभाल यांवर गदा आली. थीमो फेट्झर या अर्थतज्ज्ञाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०१० नंतरच्या काटकसरीचा, विशेषतः कल्याणकारी भत्त्यांतल्या कपातीचा, ब्रेक्झिटच्या म्हणजे युरोपीय संघ सोडण्याच्या मताशी ठळक संबंध दाखवला. त्याने मांडलेला परिणामाचा आकार वादाचा आहे, दिशा मला पटते.

म्हणून कुठलंही सरकार कपात जाहीर करतं तेव्हा मी आधी बघते की मंदी आहे की तेजी, आणि मग बघते की कात्री कुठे लागली. पेन्शन कापली की पेन्शनर रस्त्यावर येतात; न बांधलेला पूल मोर्चा काढत नाही, त्यामुळे भांडवली खर्चावर सगळ्यात सहज हात पडतो. पोर्तुगालमध्ये २०१५ नंतरच्या सरकारने पगार आणि पेन्शनमधली कपात मागे घेतली, आणि तरीही २०१९ मध्ये अर्थसंकल्पात किंचित शिल्लक दाखवली. लोकांना दिलासा मिळाला, अर्थव्यवस्थाही वाढली. पण त्याच वर्षांत तिथली सार्वजनिक गुंतवणूक फार कमी राहिली, आणि त्याचा हिशेब रेल्वे आणि रुग्णालयं यांच्या तक्रारींतून येत राहिला.