पासपोर्टवरचं नाव आत्ता बदलू नकोस (लांबलचक उत्तर, चहा घेऊन बस)

तुझी पोस्ट वाचली आणि 2017 चा ऑगस्ट डोळ्यांसमोर उभा राहिला. लग्नाला आठ महिने झालेत, डिग्री माहेरच्या नावाची, कॅनडाच्या पीआरसाठी (कायमच्या वास्तव्याचा परवाना) मुख्य अर्जदार तू, आणि प्रश्न असा की "अर्जाआधी पासपोर्टवर सासरचं नाव लावून घेऊ का, म्हणजे सगळं एकसारखं होईल". वयाने माझ्यापेक्षा लहान असशील असं धरून 'तू' म्हणतेय, राग मानू नकोस.

उत्तर: नको. आत्ता तर अजिबात नको.

प्रोफाइल कशी भरायची, वेसकडून (परदेशी डिग्र्या तपासणारी संस्था) डिग्रीचं मूल्यांकन कसं करून घ्यायचं वगैरे तुला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. मी फक्त माझ्या एका घोडचुकीबद्दल लिहिते, कारण तू नेमकी तीच करायला निघाली आहेस.

आमचा सीआरएस स्कोअर (वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव यांवरून कॅनडा देतं ते गुण) होता 418. 31 मे 2017 च्या ड्रॉचा (जास्त गुणवाल्यांना अर्जाचं आमंत्रण देणारी फेरी) कटऑफ 413 लागला, त्या वर्षीच्या सर्वसाधारण ड्रॉंमधला सगळ्यात कमी. आमंत्रण आलं, घरात पेढे वाटले गेले. तेव्हा कागदपत्रांसाठी 90 दिवस मिळायचे (पुढच्या वर्षी जूनपासून 60 झाले, हे लक्षात ठेव). 90 दिवस म्हणजे बक्कळ वेळ, असं आम्हाला वाटलं. आमच्या सल्लागारांना तर वाटलंच वाटलं. ते म्हणाले, "मॅडम, मॅरेज सर्टिफिकेट लावणार आहात, मग पासपोर्टही त्याच नावाचा असला की केस क्लीन होते." सासूबाईंचीही इच्छा होतीच. मी पासपोर्ट री-इश्यूला टाकला.

मुळात आपल्या विवाह प्रमाणपत्रावर लग्नानंतरचं नाव कुठे असतं? माझ्या प्रमाणपत्रावर तरी नव्हतं. वधूचं नाव म्हणून माहेरचंच पूर्ण नाव. म्हणजे ज्या कागदाशी जुळावं म्हणून पासपोर्ट बदलला, त्या कागदाशी जुना पासपोर्टच जुळत होता! हे मला कळलं नवा पासपोर्ट हातात पडल्यावर.

आता पुढची गंमत बघ. पासपोर्टचं नाव नवीन, नंबर नवीन. आयईएलटीएसचा (इंग्रजीची परीक्षा) निकाल जुन्या नावाने आणि जुन्या नंबराने. वेसचा रिपोर्ट जुन्या नावाने. कंपनीचं अनुभवपत्र जुन्या नावाने. आधार जुनं, बँकेचं पासबुक जुनं, भाडेकरार तर फक्त नवऱ्याच्या नावावर. हे सगळं प्रतिज्ञापत्राने निभावलं असतं. अर्जात आधीची नावं लिहायला वेगळी जागाच असते, तिकडच्या लोकांना लग्नानंतर नाव बदलणं नवीन नाही. अडलं ते इथे, आपल्याच घरी, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटला (पीसीसी).

पीसीसीचा अर्ज नव्या पासपोर्टवर केला. पडताळणीला माणूस आला तेव्हा मी कामावर. त्याने वॉचमनला नाव विचारलं. वॉचमन मला ओळखायचा माहेरच्या नावाने, कारण माझी सगळी कुरिअर त्याच नावाने यायची. तो बिचारा म्हणाला, या नावाचं इथे कोणी राहत नाही. झालं. फाइलवर शेरा पडला: अर्जदार पत्त्यावर आढळली नाही.

हा शेरा काढून घ्यायला मी ज्या कार्यालयात खेटे घातले त्याचं नाव लिहीत नाही, शहराचंही नाही. टेबलावरचे गृहस्थ पहिल्या दिवशी म्हणाले, नव्या नावाचा पत्त्याचा पुरावा आणा. बँकेत गेले तर ते म्हणाले, आधी आधार बदला. आधारवाल्यांनी प्रमाणपत्र पाहिलं आणि म्हणाले यावर नवीन नावच नाही, गॅझेट करा. राजपत्रात नाव छापून आणायला जे आठवडे गेले ते गेलेच. ते घेऊन परत त्या टेबलाशी गेले तर गृहस्थ रजेवर, आणि फाइल त्यांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. पुढच्या वेळी किल्ली होती पण साहेबांची सही नव्हती. का? तर साहेब बंदोबस्तावर. त्या वर्षी गणपती 25 ऑगस्टला बसले. आमचे 90 दिवस 29 ला संपत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा गणपतीवर चिडले.

सही विसर्जनानंतर झाली. आमंत्रण तोवर गेलेलं.

सल्लागार म्हणाले, काळजी नको, पुढच्या ड्रॉमध्ये परत येईल. नाही आलं. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत सर्वसाधारण ड्रॉचा कटऑफ 430 च्या खाली उतरलाच नाही, आणि नोव्हेंबरात मी तिशीची झाले, तिथे आणखी 5 गुण कापले गेले. वाढदिवसाला केक कापताना नवरा म्हणाला, "पाच गुणांचा केक." तेव्हा हसू आलं नव्हतं. (फी घेताना 'केस क्लीन' म्हणणारे सल्लागार नंतर फोन उचलत नसत. सगळेच तसे असतात असं नाही, पण पैसे देण्याआधी तो अधिकृत परवानाधारक आहे का ते तिथल्या नियामक संस्थेच्या यादीत स्वतः बघ.)

सुटलो कसे तर आयईएलटीएस परत दिली. मला रायटिंगला 6.5 होते, बाकी सगळं भरपूर. 7 आले आणि एका अर्ध्या बँडने स्कोअर 57 ने वाढला. खोटं वाटेल, पण चारही विभागांत सीएलबी 9 (कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची नववी पातळी) गाठलं की शिक्षण आणि अनुभव दोन्हीकडचे जोडगुण (भाषेशी जोडून मिळणारे गुण) दुप्पट होतात. माझं मास्टर्स होतं म्हणून एवढे वाढले, तुझं गणित वेगळं असू शकेल. पण तुझ्याही पोस्टमध्ये रायटिंग 6.5 दिसतंय! नावाच्या भानगडीत पडण्यापेक्षा ते तीन महिने निबंध लिहायला दे. लिसनिंगला मात्र 8 लागतात, बाकी तिन्हींना 7.

दुसऱ्या वेळी 60 दिवसच होते आणि सगळं सुरळीत झालं, कारण तोवर आधारपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळं नव्या नावाचं झालेलं. पीसीसी दोन आठवड्यांत. म्हणजे बघ, नाव बदलणं हा गुन्हा नाही, नाव *अर्धं* बदललेलं असताना अर्ज करणं ही चूक. तुला बदलायचंच असेल तर सगळं बदलून, वर्षभर थांबून कर. नाहीतर तिकडे स्थिरस्थावर झाल्यावर कर, भारतीय पासपोर्ट तिथूनही री-इश्यू होतो. माझं प्रामाणिक मत विचारशील तर बदलूच नकोस. कायदा कुठेही सक्ती करत नाही, आणि सासूबाईंना काय सांगायचं ते नवऱ्याने सांगावं.

अजून एक, आपल्या मराठी नावांचं. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, आणि कधी शेवटी आईचंही. परदेशातल्या माणसाला आईचं नाव हेच आडनाव वाटू शकतं. फॉर्ममध्ये पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने भर, मार्कशीट बघून भरू नकोस.

हे सगळं माझ्या वेळचं आहे, मी काही वकील नाही. आता नियम बरेच बदललेत: नोकरीच्या ऑफरचे जादा गुण मार्च 2025 मध्ये काढून टाकले. मेडिकल मात्र अर्जाच्या आधीच करून जोडावी लागते. तेव्हा कटऑफचे माझे आकडे बघून हुरळून जाऊ नकोस. सध्याचे आकडे सरकारी साइटवरच बघ.

तुझा दुसरा प्रश्न, मॅरेज सर्टिफिकेट मराठीत आहे तर भाषांतर कोणाकडून करायचं: इंग्रजी भाषांतर, सोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र, आणि मूळ कागदाची प्रमाणित प्रत. नवऱ्याचे मामा भाषांतर फुकटात करून देतील असं लिहिलंयस, तर त्यांना नम्रपणे नको म्हण. नातेवाइकाने केलेलं चालत नाही.