व्हिएतनामी भाषेत ‘भूक लागली’ आणि ‘पोट भरलं’ कसं म्हणतात?

भूक लागली म्हणजे ‘डॉइ’, पोट भरलं म्हणजे ‘नॉ’. एवढ्यावर भागतं असं आमचे मेहुणे म्हणतात. त्यांच्या मते तर शब्दही नकोत, बोट तोंडाकडे नेलं की जगात कुठेही जेवायला मिळतं. खरं सांगायचं तर हे उत्तर त्यांच्यासाठीच आहे.

२०१२ मध्ये कामानिमित्त हानोईत एका घरात खोली घेऊन राहत होतो. पहिल्याच आठवड्यात घरमालकिणीची आई अंगणात ‘ज़ाउ मुओंग’ निवडत बसली होती, आपली नाळीची भाजी हो. मी ऐटीत म्हणालो, “चाउ डॉइ.” चाउ म्हणजे नातू, आजीशी बोलताना ‘मी’ म्हणत नाहीत. आजीच्या हातातला देठ हातातच राहिला. “डॉइ ज़ी?” म्हणजे, काय मागतोस? ‘डॉइ’चा सूर वर चढला तर भूक, खाली घसरला तर मागणी, आणि तीही हक्काची! भाडं मीच द्यायचं बाकी होतं. शेवटी बोट तोंडाकडे न्यावं लागलं, पण हे मेहुण्यांच्या कानावर जाता कामा नये.

जेवताना ती माझ्या वाडग्यात मासा वाढायला लागली. मला मासा नको होता, म्हणून मी इंग्रजीत “नो, नो” केलं. तिने ऐकलं, ‘पोट भरलं, भरलं’. भाताचं भांडंच उचललं. मी अर्धपोटी झोपलो.

पुढे आजीनेच शिकवलं. पोटात कावळे ओरडायला लागले की ‘डॉइ कोन काओ’. भूक नाही पण तोंड चाळवतंय, तर ‘बुओन मिएंग’, शब्दशः तोंड उदास झालंय. पोटाला आधार म्हणून थोडं खाणं म्हणजे ‘लॉत ज़ा’, पोटाला अस्तर. तेलकट खाऊन वीट आला की ‘ङान’. आता सांगा, यातलं कुठलं बोटाने दाखवणार?

एकदा जेवायला उशीर झाला म्हणून मी मजेत ‘चेत डॉइ’ म्हणालो, भुकेने मेलो. तरुण पोरं येताजाता म्हणतात. आजी हसली नाही. ती थाय बिन्ह प्रांतातली. १९४५ चा दुष्काळ आला तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. त्यात लाखो माणसं गेली, आणि त्या काळाचं नावच ‘नान डॉइ’, भुकेचं संकट. त्यानंतर तिने “आन कम चुआ?” (शब्दशः ‘भात खाल्लास का?’, म्हणजेच जेवलास का) विचारलं की मी नुसतं ‘चुआ’ म्हणायचो, अजून नाही. ताट मांडलं जायचं.

माझे उच्चार हानोईकडचे आहेत. दक्षिणेत आजीशीही ‘चाउ’ऐवजी ‘कॉन’ म्हणतात. आणि सूर देवनागरीत लिहिता येत नाहीत, ते कुणाच्या तरी तोंडून ऐका.

मेहुणे डिसेंबरात दा नांगला निघालेत. बोट घेऊन.