वीस महिन्यांच्या मुलाला घरातल्याच वस्तूंनी कसं रमवायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा वीस महिन्यांचा आहे, घर वन बीएचके, पावसामुळे खाली नेता येत नाही, मोबाईल द्यायचा नाही असं नवरा-बायकोनी ठरवलंय पण मग दिवसभर करायचं काय, आणि महागडी किट नकोत, घरातल्या सामानातूनच काहीतरी सोपं क्राफ्ट सांगा. वाचल्या वाचल्या उत्तर लिहायला बसले कारण बरोब्बर हीच परिस्थिती माझी होती, चिंचवडला तिसऱ्या मजल्यावर, आणि मला दोन, थोरली आता सहा वर्षांची आणि धाकटा सव्वादोन.

पहिलं म्हणजे मोबाईलचं जे ठरवलंय ते अगदी योग्य ठरवलंय, त्यावर ठाम रहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलंय त्यात एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच आणि दोन वर्षांच्याला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका चांगला असं आहे. तुमचा अजून दोनचा व्हायचाय.

दुसरं, क्राफ्ट हा शब्द सध्या बाजूला ठेवा. थोरलीच्या वेळी मी कापसाचा ससा, पुठ्ठ्याचं फुलपाखरू वगैरे करायला जायचे, तास तास कापाकापी करायचे आणि ती दोन मिनिटांत उठून डब्यांच्या ट्रॉलीकडे. मला वाईट वाटायचं. मग एक दिवस मी नुसतं बघत बसले ती तिकडे करते काय. स्टीलचे पाच डबे काढले, झाकणं काढली, मोठ्या डब्यावर छोटं झाकण ठेवलं ते आत पडलं, खण्णकन आवाज आला, ती दचकली, माझ्याकडे बघितलं, परत काढलं, परत टाकलं. असं किमान पंधरा वेळा केलं असेल. सोळाव्या वेळी तिने मोठं झाकण उचललं आणि ते बसलं. तिने हात वर केला आणि झाकणावर थाप मारली, तो चेहरा मी आजही विसरले नाहीये. त्या दिवसापासून मी शोभेच्या वस्तू बनवणं बंद केलं. या वयाच्या मुलाला वस्तू तयार होण्याशी काही घेणंदेणं नसतं हो, त्याला ओतायचं असतं, भरायचं असतं, दाबायचं, फाडायचं, उघडायचं, बंद करायचं, आणि तेच ते परत परत करायचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की आख्खं स्वयंपाकघर खेळण्यांचं दुकान आहे.

माझ्या सासूबाई दापोलीकडच्या, वीसेक वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. त्या इथे आल्या तेव्हा मला बऱ्याच गोष्टी कळल्या. त्यांनीच सांगितलं की बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा विकतची साधनं परवडण्यासारखी नव्हतीच, शिंपले, गोटे, पानं, बिया, माती यावरच शिकवायच्या. आपण ज्याला आता मोठ्या कौतुकाने सेन्सरी प्ले म्हणतो, म्हणजे हात लावून, बघून, ऐकून खेळणं, ते आपल्या पालघरकडे इतक्या वर्षांपूर्वी पानाफुलांवर चालू होतं. मला हे ऐकून फार बरं वाटलं, आणि खर्च केला नाही म्हणून मुलाचं काही कमी पडतंय ही माझ्या मनातली भीती तेव्हा गेली.

आता काय काय करायचं ते सांगते, आमच्याकडे जे चाललं तेच.

सगळ्यात जास्त चाललेली गोष्ट कणीक. पोळ्यांची कणीक मळली की लिंबाएवढा गोळा त्याला द्यायचा, सोबत छोटं पोळपाट, नसलं तर उलटं ताट, आणि एक वाटी. सासूबाई त्या गोळ्याची चिमणी करून द्यायच्या, चिमटीत धरून चोच काढायची, शेपटी चपटी करायची, दोन मोहऱ्यांचे डोळे (मोहरी मी नंतर बंद केली, का ते पुढे सांगते, टोकाने भोक पाडलं तरी डोळा होतो). धाकटा ती चिमणी घ्यायचा आणि पहिलं काम म्हणजे तिचा चेंदामेंदा करायचा आणि म्हणायचा पुन्ना. म्हणजे पुन्हा. तर असं ते चिमणी-चेंदा-चिमणी वीस मिनिटं चालतं आणि तेवढ्यात माझ्या सहा पोळ्या होतात. दीप अमावास्येला कणकेचे दिवे करतो तेव्हा त्यालाही अंगठा दाबून खळगा करायला द्या, पोळ्याला बैल करा, बैल ओळखू नाही आला तरी चालतो. वेगळी करायची असेल तर एक वाटी कणीक, चमचाभर तेल आणि अर्ध्या वाटीपेक्षा जरा कमी पाणी, रंगाला हळद किंवा बिटाचा रस. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते, आंबूस वास आला की टाकून द्यायची. नेटवर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी अशी वाळवून ठेवायची माती सांगतात, ती छान होते पण त्यात मीठ इतकं असतं की तोंडात घालणाऱ्या मुलाच्या हातात ती अजिबात देऊ नका, जास्त मीठ पोटात जाणं लहान मुलाला खरंच धोक्याचं असतं. ती चार वर्षांनंतर.

अन्नाशी खेळू नये असं आमच्याकडेही म्हणतात आणि ते मला पटतं, म्हणून रवा मी एक वाटीच घेतला आणि त्याचा डबाच वेगळा केला, वर चिठ्ठी लावली खेळाचा म्हणून, तोच महिनोन् महिने वापरला. परातीत रवा पसरायचा आणि बोटाने रेघा. बस. वर चहाची गाळणी आणि एक फुलपात्र दिलं की गाळणीतून रवा पडताना बघत बसतो. खाली जुनी चादर घाला, संपलं की चार कोपरे धरून उचलायची, झाडू मारायची गरज पडत नाही. एक सांगते, रांगोळी देऊ नका या वयात, ती दगडाची पूड असते, नाकातोंडात जाते. रांगोळीची हौस असेल तर तांदळाची पिठी द्या.

पाणी. परातीत दोन बोटं पाणी, एक फुलपात्र, एक पळी, एक गाळणी आणि भांडी घासायचा नवा स्पंज. स्पंज बुडवायचा आणि दुसऱ्या वाटीत पिळायचा, हे काम त्यांना प्रचंड आवडतं आणि बोटांना ताकद येते ती पुढे पेन्सिल धरायला कामाला येते. मोरीत किंवा बाल्कनीत बसवा, पावसाळा आहे तर गार पाणी नको, कोमट घ्या. पण पाण्याच्या खेळात हलायचं नाही, बेल वाजली तर मुलाला काखेत मारून दार उघडायचं. एवढ्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, बादलीत वाकलं तर परत वर येता येत नाही, चार बोटं पाणीसुद्धा पुरतं. खेळ झाला की परात उपडी, बादली उपडी, हा नियम आमच्याकडे अजून आहे. याचाच एक भाऊ म्हणजे पाण्याचं पेंटिंग, रंगाचा जुना ब्रश आणि वाटीभर पाणी देऊन बाल्कनीची फरशी रंगवायला सांगायची, फरशी काळपट होते, पाच मिनिटांनी वाळते, परत रंगवायची.

आता मोहरीचं. थोरली दोन वर्षांची असताना मी एका व्हिडिओत बघून तीन वाट्यांत राजमा, हरभरे आणि मूग दिले वेगवेगळे करायला. दिसायला फार गोड दिसतं ते. मी फक्त गॅस बारीक करायला वळले आणि तेवढ्यात तिने हरभरा नाकात घातला. रडली पण नाही, नुसती नाकाला बोट लावून उभी. मी घाबरून भुवयांच्या चिमट्याने काढायला गेले तर तो अजून आत सरकला. मग रिक्षा करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, त्यांनी एका वाकड्या हुकाने अर्ध्या मिनिटात काढला पण तोपर्यंत तो फुगायला लागला होता, कोरडं कडधान्य नाकातल्या ओलाव्याने फुगतं म्हणे आणि जितका वेळ जाईल तितकं काढायला अवघड होतं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, घरी चिमटा, काडी काही घालायचं नाही, सरळ यायचं, आणि कडधान्य, शेंगदाणे, मणी, बटणं या वयाच्या हातात द्यायची नाहीत. नाकातलं निदान दिसतं, श्वासनलिकेत गेलं तर वेळही मिळत नाही. म्हणून माझं माप आता ठरलेलं आहे, किचन टिश्यूच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी असते ना, त्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांच्या आत द्यायची नाही. रिमोटमधले छोटे गोल सेल आणि फ्रिजवरचे लोहचुंबक तर हाताला लागतील असे ठेवायचेच नाहीत. वेगवेगळं करायचंच असेल तर कांदे आणि बटाटे द्या, खरंच, दोन टोपल्या आणि एक ढीग, कांदे इकडे बटाटे तिकडे, धाकटा एकेक दोन्ही हातांनी उचलून नेतो आणि प्रत्येकाचं नाव घेतो, घरातलं कामही होतं.

बाकी भराभर सांगते. कपडे वाळत घालायचे मोठे चिमटे पुठ्ठ्याच्या कडेला लावायचे (सव्वादोनला जमायला लागलं, आधी मी लावायचे आणि तो ओढून काढायचा). मोज्यांच्या जोड्या लावणं. जुना पेपर फाडणं, फाडलेले तुकडे खोक्यात भरणं, खोकं डोक्यावर ओतणं. सेलोटेप उलटी, चिकट बाजू वर करून दारावर लावायची आणि त्यावर कागदाचे कपटे, पानं चिकटवायला द्यायची. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी, थोडं तेल आणि हळद, झाकण फेविक्विकने पक्कं बंद करून वर टेप, तो हलवत बसतो, तेल वर आलेलं बघतो. डायनिंग टेबलवर आईची जुनी साडी टाकली की घर. आणि मोठं खोकं आलं तर ते फेकू नका, आमच्या मिक्सरच्या खोक्यात दोघंही आळीपाळीने महिनाभर बसले.

वेळेबद्दल खूप जणींचा गैरसमज असतो. एका खेळात पाच-सात मिनिटं रमला तरी या वयाला ते पुष्कळ आहे. एका वेळी एकच गोष्ट काढा, बाकी सगळं माळ्यावर. आमच्याकडे सकाळी पोळ्यांच्या वेळी कणीक, दुपारी झोपून उठल्यावर पाणी किंवा रवा, संध्याकाळी कांदे-बटाटे किंवा कपड्यांच्या घड्या, कारण संध्याकाळी सहा ते आठ सगळ्यात जास्त कटकट असते आणि त्या वेळी त्याला आपल्यासोबत काम हवं असतं. आणि तो खेळत असताना सारखं हे काय, रंग कोणता, किती आहेत असं विचारत बसू नका, जवळ बसा पण गप्प बसा, मान वर करून बघेल तेव्हा बोला.

आणि तुम्ही क्राफ्टच विचारलंय तर एक सांगतेच, आजी-आजोबांना पाठवण्यासारखं. भेंडीचे ठसे. भेंडी आडवी कापली की पाच कोपऱ्यांचं फूल दिसतं, कोबीचा बुडखा कापला तर गुलाब, दोडक्याची चकती म्हणजे दातेरी चाक. रंगासाठी दोन चमचे मैदा कपभर पाण्यात कालवून मंद गॅसवर ढवळत खळ करायची, गार झाली की तीन वाट्यांत वाटून एकीत हळद, एकीत किसलेल्या बिटाचा रस, एकीत पालकाचं पाणी, म्हणजे तोंडात गेलं तरी काळजी नाही. वाटीत बुडवलं की रंगाचा लोळ येतो, त्याऐवजी जुन्या फडक्याची घडी बशीत ठेवून तिच्यावर रंग घाला आणि त्यावर ठसा दाबायला लावा. कागद जमिनीला टेपने चिकटवा, नाहीतर कागदच हातासोबत उचलला जातो. हळदीचा हात कपड्याला पुसला जाणारच, आणि साबण लावला की तो डाग एकदम लाल होतो, मी पहिल्यांदा घाबरले होते, काही होत नाही, हळद साबणाने लाल होतेच, धुऊन कडक उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत फिका पडतो. सध्या ऊन नाहीये तर सरळ जुना बनियन घालून बसवा.

भेंडी निवडताना मात्र निबर बघून घ्या, जी भाजीला आपण बाजूला काढतो तीच. कोवळी भेंडी त्याने एकदा मुठीत धरून दाबली की चिरडते आणि फूल उमटतच नाही. देठाकडचा भाग लांब ठेवा, तीच त्याची मूठ.