फ्रॉम कुठे बसवायचा?

‘मॅडम, मराठी माध्यमामुळे माझं इंग्रजी कच्चं राहिलं.’ हे वाक्य आलं की मी आता समजूत घालत बसत नाही. लिहिलेला कागद मागते.

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला असलेला पंचविशीतला मुलगा आला, तेव्हाही तेच केलं. पार्ट रिजेक्ट झाला की मूळ कारणाचा रिपोर्ट लिहायचं काम त्याच्याकडे. साहेबांनी एक रिपोर्ट चारचौघांत परत केला, तेव्हापासून लॅपटॉप उघडतानाच त्याचे हात गार पडायचे. कागदावर होतं, ‘ओव्हरहीटिंग रिझल्टेड फ्रॉम अ क्रॅक.’ म्हणजे तडा गेला म्हणून पार्ट तापला! घडलं होतं नेमकं उलटं.

पहिल्या दोन भेटी भीतीवरच गेल्या. तिसऱ्या भेटीत म्हटलं, ‘हेच मराठीत सांग.’

‘जास्त तापल्यामुळे तडा गेला.’

‘यात मुळे कुठे बसलाय?’

‘तापल्याला चिकटून. कारणाच्या नंतर.’

‘आणि तुझा फ्रॉम?’

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग बोट ठेवून म्हणाला, ‘मी फ्रॉमसुद्धा ओव्हरहीटिंगनंतरच चिकटवलाय. इंग्रजीत तो कारणाच्या आधी पाहिजे ना?’

हे त्याचं त्याला दिसलं, याचं मला फार समाधान आहे. आपलं शब्दयोगी अव्यय नामानंतर येतं, इंग्रजीतलं नामाआधी. अशी चूक अडाणीपणातून होत नाही, मातृभाषेच्या पक्क्या सवयीतून होते, असं मी मानते. ती सवय दाखवून दिली की लाज गळते. आधी व्याकरणाचं पुस्तक दिलं असतं, तर त्याने मान खाली घालून पाठ केलं असतं.

ज्यांची अशी गल्लत होते, त्यांनी आधी मराठी वाक्य लिहावं आणि कारणाखाली रेघ मारावी. रिझल्ट फ्रॉम, अराइज फ्रॉम, स्टेम फ्रॉम यांच्यानंतर ते रेघ मारलेलं कारण येतं. रिझल्ट इन, लीड टू, गिव्ह राइज टू यांच्यानंतर परिणाम. ड्यू टू मात्र फसवा, तिथे टूनंतर कारणच. आणि ‘वॉज रिझल्टेड’ कधीच नको. ‘वॉज कॉज्ड बाय’ लिहा.

स्टेम म्हणजे खोड, आणि आपल्या ‘मुळे’त तर मूळच आहे. कारण सांगताना दोन्ही भाषांना झाड आठवलं, हे ऐकून तो पहिल्यांदा हसला.

पुढच्या भेटीला त्याने नवा रिपोर्ट आणला. ‘द क्रॅक रिझल्टेड फ्रॉम ओव्हरहीटिंग.’ खाली पेन्सिलीने मराठी वाक्य, आणि ‘मुळे’भोवती गोल.